लाल दगडाची जागा

"घासू नका! सोडा, सोडा त्याला!"

पलीकडच्या टोकावरून आस्ता ब्रश घेऊन दगडापुढे धावणाऱ्या आपल्या पोरींवर ओरडली. तिच्या हातून सुटलेला लाल दगड सावकाश गिरकी घेत बर्फावरून पुढे सरकत होता आणि वर्तुळाच्या मागे ब्रश उगारून उभी असलेली विबेके डोळ्यांनी त्याला खात होती. सामना बरोबरीत, दगड शेवटचा आणि टाकणारी कोण, तर पोटची पोरगी! योग जुळावा तरी किती जुळावा!

विबेकेचा पिवळा दगड वर्तुळाच्या मध्यबिंदूपासून वीतभर अंतरावर बसला होता. लाल त्याच्याहून आत थांबला, तर डेन्मार्ककडून युरोपच्या कर्लिंग स्पर्धेला आस्ताच्या संघातल्या पोरी जाणार. नाही थांबला, तर विबेकेचा संघ. वीसेक वर्षं विबेके देशासाठी खेळली, पण कायम दुसरीच्या हाताखाली. कॅप्टन म्हणून एकदाही गेली नव्हती. त्यातून गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं, हे वर्ष काढा आणि मग पुरे. आज नाही तर कधीच नाही.

"जोर जास्त झालाय तिचा," शेजारी उभी असलेली जुनी जोडीदारीण डॉर्थे पुटपुटली. "वर्तुळाच्या मधली रेषा ओलांडू दे, मग पळव त्याला!"

रेषेच्या अलीकडे दुसऱ्याच्या दगडाला हात लावायची सोय नाही. पण तो रेषेपलीकडे आला की त्याच्यापुढचा बर्फ घासून त्याला लांब पळवायचा हक्क समोरच्या कॅप्टनचा. लाल दगडाने रेषा ओलांडली मात्र, विबेके तुटून पडली. खांदे भरून आले, श्वास फुलला. तरी दगड पळेना! आस्ताने टाकलेला दगड तो, आईसारखाच हट्टी. मंदावत मंदावत तो थांबायच्या बेतात आला, आणि नेमका त्याच क्षणी विबेकेचा गुडघा लचकला. बुटाचं टोक दगडाला टेकलं. टेकलं म्हणजे किती, तर जेमतेम. पण तेवढ्याने दगड पुढे सरकला आणि पिवळ्यापेक्षा लांब जाऊन थांबला.

"जिंकलो! अगं बये, जिंकलो!" डॉर्थेने मिठीच मारली. वर काचेमागे बसलेल्या लोकांनी टेबलं बडवायला सुरुवात केली.

विबेकेने मिठी सोडवली आणि हात वर केला.

"माझा बूट लागला दगडाला."

"काय?" डॉर्थेचा आ वासलेला तसाच राहिला. "कुणी पाहिलं?"

"मी."

डॉर्थेने कपाळावर हात मारला आणि बाजूला झाली. पंचही हाताची घडी घालून उभे राहिले, कारण इथे पंचाचं काम नव्हतं. बूट लागला नसता तर दगड कुठे थांबला असता, हे समोरच्या कॅप्टनने ठरवायचं आणि तिनेच तो तिथे नेऊन ठेवायचा.

आस्ता घसरत घसरत आली. गाल लाल, केस विस्कटलेले. तिच्या संघातली लिव्ह कानाशी लागली, "आत होता गं तो! शपथेवर सांगते, आत होता!"

आस्ता दगडापाशी उकिडवी बसली. त्याच्यावरची मूठ धरून तिने तो मागे ओढला. पिवळ्यापासून बोटभर बाहेर असतानाच तिचा हात थांबला.

विबेकेने अंतर डोळ्यांनी मोजलं. बोटभर बाहेर म्हणजे आपण जिंकलो. पण दगड तिथे थांबला नसता, हे घासणाऱ्या हातांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी राईच्या पावावर लोणी लावताना पोरगी म्हणालीच होती, "आई, तुझी ही शेवटची संधी ना गं?" तेव्हाच विबेके खेकसली होती. आणि आता भीक घालतेस होय गं मला? इतक्या लोकांसमोर?

जागेबद्दल बोलायचा तिला अधिकार नव्हता. तिने वेगळंच विचारलं.

"आस्ता, बर्फावर मी तुझी कोण?"

हा दोघींचा जुना करार होता. आस्ता पहिल्यांदा बर्फावर उतरली तेव्हापासूनचा.

आस्ताने वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"विबेके."

"मग?"

आस्ताने नाक बाहीला पुसलं. दोन्ही हातांनी मूठ धरली आणि दगड आणखी मागे ओढला, पिवळ्याच्या आत. मग वाकून पाहिलं, केसभर सरकवला आणि हात काढून घेतला.

अगदी तिथेच! तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. पोरीच्या नजरेचं विबेकेला असं कौतुक वाटलं, की हरल्याचं दुःख व्हायचं राहूनच गेलं. तिने हातमोजा काढून हात पुढे केला.

"छान खेळलीस."

मग पोरी ज्या किंचाळल्या! वरच्या काचा फुटल्या नाहीत हेच नशीब.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायचं, ही इथली रीत. वरच्या कॅन्टीनमध्ये आस्ताने आईपुढे बिअरचा ग्लास ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"आई, आमच्याकडे पाचवी, राखीव खेळाडू नाहीये."

"दया नकोय मला."

"दया कसली! आदल्या संध्याकाळी सगळे दगड टाकून बघायचे, कुठला ओढतो, कुठला पळतो ते सांगायचं, आमच्या बाटल्या भरायच्या. राबवणार आहे तुला. फक्त बूट सांभाळ."

डॉर्थे खो खो हसली. विबेकेने ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, ओठांवरचा फेस पुसला आणि ग्लास पोरीकडे सरकवला.

"मग कॅप्टन, आणखी एक आणा."