हैबतरावांचा रणगाडा

रोह्याच्या मंडळाने यंदाच्या गणपतीच्या देखाव्यासाठी हैबतरावांचा फोटो निवडला होता. एकाहत्तरच्या लढाईत पकडलेल्या रणगाड्यावर उभे असलेले हैबतराव. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या रणगाड्याची गोष्ट त्यांची बायको गिरजाबाई अजून कौतुकाने सांगे. पेणच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या पद्मजाला जुन्या फोटोंतले रणगाडे ओळखायचा नाद, म्हणून मंडळाने तिला बैठकीला बोलावलं.

समोर मोठी करून आणलेली प्रत होती. तोफेच्या नळीचं टोक चौकटीबाहेर गेलेलं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना. चाकं तर दोन्ही सैन्यांच्या रणगाड्यांची सारखीच. फरक कळणार तो माथ्यावर. शत्रूच्या रणगाड्याला तिथे पंख्याचा, पालथ्या वाटीसारखा फुगवटा असे. हैबतरावांच्या तुकडीच्या रणगाड्यांना नसे. प्रतीत माथा गुळगुळीत होता.

"हा आपलाच रणगाडा आहे," पद्मजा भर बैठकीत म्हणाली.

म्हातारा फोटोपुरता चढला होता तर, असं कुणीतरी बोललं आणि हशा पिकला. गिरजाबाई पदर सावरून उठल्या नि घरी गेल्या. मंडळाने देखावा बदलला.

पुढे पद्मजा घरचा गणपती ठरवायला मूर्तिकारांच्या जोहे गावाला गेली. मंडळाची प्रत तिथल्याच सुशील मूर्तिकाराने बनवली होती; मूळ फोटो त्याच्याकडेच पडून होता. तिने तो हातात घेतला. माथ्यावर फुगवटा स्पष्ट होता.

"डाग वाटला, म्हणून काढला," सुशील सहज म्हणाला. मूर्तीवर उंचवटा राहिलेला त्याच्या हाताला खपत नसे, तसाच फोटोवरही.

पद्मजाचे कान तापले. विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या वहीतून उतरवून आणलेलं निरीक्षण ती कधी स्वीकारत नसे. इथे मात्र मूळ फोटो कुठे आहे, एवढंही तिने विचारलं नव्हतं.

फोटो घेऊन ती तशीच रोह्याला गेली. गिरजाबाई मोडाचे वाल सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ते खरं बोलत व्हते?"

"हो, काकू. चूक माझी झाली."

"लोक हसले त्याचं काय नाय गो," गिरजाबाई म्हणाल्या. "मीच त्यांना खोटं मानलं. फोटोसमोर उभी राहून नाय नाय ते बोलले. ते आता कसं माघारी घेऊ?"

पद्मजाला मान वर करवेना. मंडळात जाऊन सांगते, असं ती पुटपुटली.

"मंडळात नको. गणपती बसला की आरतीला सगळा गाव जमल, तवा सांग. माइकवर."

कॉलेजच्या कार्यक्रमातही माइक टाळणाऱ्या पद्मजाने मान हलवली.