बाटलीवरचं नाव

"साखर अजिबात नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बसड्रायव्हरच्या जिवात जीव आला.

एवढ्यासाठीच तर सगळा उपद्व्याप केला होता. साखर निघाली की कंपनी हातातलं स्टिअरिंग काढून माणसाला डेपोच्या फाटकावर बसवते, आणि आपल्याला साखर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तपासणी म्हणजे तरी काय, आनंदीआनंद! रक्ताच्या वाटेला कंपनी जात नसे. लघवीची बाटली घरून भरून आणायची. म्हणून त्याने रिकामी बाटली बायकोच्या हातात ठेवली होती. जुन्या ड्रायव्हरांची ही ठेवणीतली युक्ती.

"एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोकडे मागून मागून काय मागितलंत, तर हे," म्हणत ती पोट धरून हसली होती.

"पण लघवीतून प्रथिनं जातायत," बाई पुढे म्हणाल्या. "बरीच. थोड्या रक्तपेशीही आहेत."

"म्हणजे?"

"किडनी म्हणजे गाळणी समजा. चहा खाली यावा, पावडर वर राहावी. इथे पावडरही खाली येतेय. एका तपासणीवरून किडनी बिघडली असं मी म्हणणार नाही, ताप असला तरी असं येतं. पण एवढं दिसल्यावर थांबायचं नाही. रक्त, सोनोग्राफी, सगळं करायचं. सकाळी डोळ्यांखाली सूज येते?"

"नाही," तो म्हणाला. बायकोला येत होती. लोळून लोळून तोंड सुजलंय तुझं, असं तोच तिला म्हणाला होता.

"पाय सुजतात?"

सुजत होते. कुणाला दाखवून येऊ या का, असं तिने विचारलंही होतं. दिवसभर उभं राहिल्यावर कुणाचेही सुजतात, रविवारी बघू, म्हणून त्याने ते उडवून लावलं होतं.

"लघवीला फेस येतो?"

हे त्याला माहीत नव्हतं. बसचा कुठला ब्रेक कधी कुरकुरतो ते झोपेतून उठवलं तरी सांगेल, आणि घरच्या माणसाचं हे असं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. ब्लडप्रेशर घेतलं. सगळं ठीक. त्या कपाळाला आठ्या घालून कागदाकडे बघत राहिल्या.

"लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. जाऊ दे, हा रिपोर्ट मी रद्द करते. तुम्ही उद्या नवी बाटली आणून द्या."

आयतीच वाट मिळाली. होय म्हणायचं आणि सुटायचं. बायकोला गुपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे नेता येईल, एखाद्या रविवारी. रविवार मनात आला मात्र, त्याला स्वतःची किळस आली. तिचं सगळं आजवर रविवारवरच तर ढकललं होतं.

"लॅबची चूक नाही, बाई," तो म्हणाला. "लबाडी माझी आहे. ती लघवी बायकोची."

बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"आणि साखर?"

"ती माझी. भरपूर असेल."

"हे मला कंपनीला कळवावं लागेल."

"कळवा."

"ते नंतर. आधी त्यांना घेऊन या. आजच, असतील तशा."

तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती.

"काय, झाले का मी पास?"

रस्ताभर जुळवलेलं सगळं त्याने सोडून दिलं. मग चौकटीला टेकून त्याने होतं तसं सांगून टाकलं. सूज, फेस, गाळणी, आणि आपण तिचं कधी ऐकलंच नाही तेही. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तुमची गाडी गेली?"

"गाडी खड्ड्यात जाऊ दे. चल."

"असं बोलू नये," ती म्हणाली. केसांवरून हात फिरवून तिने पिशवी घेतली, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि दाराशी आली. तिच्या चपला भिंतीशी होत्या. त्या ओलांडून तिने पाय सरकवले ते त्याच्या जुन्या रबरी सपातांत.

"अगं, त्या माझ्या. तुझ्या घाल की."

"त्या होत नाहीत मला."

"कधीपासून?"

तिला आठवून बघावं लागलं.