सीमेवरच्या आत्याबाई

मित्रांनो, दोन देशांच्या मधल्या रस्त्यावर रंग उडालेले दोन पिवळे खांब दिसतात ना, ती मी. एक जुनी तपासणी-कमान. दमले आहे, पण उभी आहे.

मला एका देशाने घडवलं, दुसऱ्याने विकत घेतलं आणि तिसऱ्याला भेट दिलं. किरणोत्सारी वस्तू चोरणारे एका देशात चोरतात, दुसऱ्यातून नेतात, तिसऱ्यात विकतात. मग अडवणाऱ्यांनी तरी एकेकटं राहून कसं चालेल?

माझ्या पोटात प्लास्टिकच्या जाड पाट्या आहेत. अशी वस्तू जवळून गेली की त्यांत मंद ठिणग्या चमकतात. मी त्या मोजते. फार झाल्या की भोंगा वाजवते.

पण थोडा किरणोत्सार सगळीकडेच असतो. फरशांचा ट्रक आला, मी वाजले. खत आलं, वाजले. इस्पितळातून किरणोत्सारी औषध घेऊन आलेल्या एका आजोबांवरही ओरडले. बिचारे कानकोंडे झाले.

"आत्याबाई शिंकल्या!" आमच्या नाक्यावरचे तपासनीस म्हणायचे. त्यांना सगळे मामा म्हणतात. सुरुवातीला मामा धावत यायचे. मग चालत. मग नुसता खिडकीतून हात हलवायचे. शेवटी त्यांनी माझ्या भोंग्याला चिंधी गुंडाळली. मला राग आला नाही. दिवसभर उगाच ओरडणारीचं कोण ऐकणार?

मात्र दोन्ही देशांचा एक करार होता. मी वाजले की माझ्या मोजणीचा आलेख आपोआप पलीकडच्या नाक्यावर जायचा. तिथे एक तपासनीस बाई होत्या. मामांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर ताई म्हणायचे. त्या आमची भाषा अडखळत बोलायच्या.

एका दुपारी फरशांचा ट्रक आला. पुढे ड्रायव्हर आणि त्याची बायको. चिंधीतून मी जमेल तेवढी घुसमटत वाजले.

"फरशाच ना? चल, पुढे घे," मामा म्हणाले.

ट्रक दोन नाक्यांच्या मधल्या रांगेत जाऊन उभा राहिला, तोच फोन आला.

"दादा, आलेख बघितला?"

"ताई, फरशा आहेत हो. रोजचंच आहे."

"फरशांची टेकडी उठते, लांबलचक. ट्रकभर पसरलेली. ही सुई आहे. ट्रकच्या तोंडाशी. रोज सुई येते का?"

मामांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि फोन तसाच लोंबकळत सोडून ते पळत सुटले. त्या वयात, त्या पोटासकट! पलीकडून ताई येत होत्या. दोघांनी लांबूनच ओरडून त्या नवरा-बायकोला खाली उतरवलं आणि मागच्या गाड्या हटवल्या.

केबिनमधल्या झोपायच्या फळीखाली गोणपाटात गुंडाळलेला एक धातूचा डबा होता. बंद पडलेल्या कारखान्यातून चोरलेला. ड्रायव्हरला कुणीतरी पंपाचा भाग म्हणून दिला होता.

"अहो, दोन रात्री मी त्याच फळीवर झोपले," त्याची बायको म्हणाली. ताईंनी आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

डब्यावरच्या क्रमांकावरून तिसऱ्याच देशाने तो ओळखला आणि शिशाच्या पेटीतून परत नेला. ड्रायव्हरची बायको इस्पितळात गेली. त्याच संध्याकाळी मामांनी चिंधी सोडली.

काही महिन्यांनी तो ट्रक पुन्हा आला, या वेळी रिकामा. ती पुढेच बसली होती, जरा वाळलेली.

"आत्याबाई आज गप्प?" तिने विचारलं.

"गप्प म्हणजे सगळं ठीक," मामा हसून म्हणाले.

मित्रांनो, ते तितकं खरं नव्हतं. जवळून काय जातंय एवढंच मला कळतं. तिच्या अंगात काय होऊन गेलं, ते मला मोजता येत नाही. नुसते बाहेरून किरण लागलेल्या माणसातून पुन्हा किरण निघत नाहीत. ती बरी आहे का, हे मला कधीच कळणार नाही.

हल्ली फरशा पुन्हा येऊ लागल्यात. खतही. मामा पुन्हा चालतच येतात. ती चिंधी त्यांनी फेकलेली नाही, टेबलाच्या खणात घडी करून ठेवली आहे. तुम्ही कधी या नाक्यावर कामाला आलात, तर तेवढा खण उघडू नका.