पोळ्याच्या सकाळची तार

छप्पन सालच्या पोळ्याला जऊळक्याचे झाडून सारे बैल सकाळीच नदीत होते. पाणी गुडघ्याएवढं, ऊन लख्ख. गोजराबाई आपली जोडी स्वतःच धूत होती. नवरा गेल्यापासून शेती तिच्याच हातची होती.

तेवढ्यात स्टेशनाकडून इंद्रभान पळत आला. तो रेल्वेत गँगमन होता. हातातली लाल झेंडी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"बाहेर निंगा सारे. मोठा पूर येऊन राह्यला."

म्हातारा जानराव बैलाच्या शिंगांवर पाणी ओतत होता. त्यानं आभाळाकडे पाहिलं. "कुठून येते बाप्पा पूर? ढगाचा ठिपका नाई."

"मास्तरले तार आली, वरच्या स्टेशनावरून. तिकडं रातभर कोसळला."

लोक हसले. तारेनं कोणी मेल्याची खबर येते, हे त्यांना ठाऊक होतं. पाण्याची खबर येते, हे कोणी ऐकलं नव्हतं.

गोजराबाई हसली नाही. "तारेत काय हाय, तसंच्या तसं सांग."

"पाणी पुलाच्या कमानीले लागलं. अजून चढून राह्यलं. मास्तर म्हणे, घंट्याभरात इथं. त्यातला अर्धा तं गेला, माय."

तिनं जोडी बाहेर काढली, टेकाडावरच्या बाभळीला बांधली आणि परत पाण्यात उतरून जानरावच्या बैलाचा कासरा धरला. "बाबाजी, पूर नाई आला तं मले शिव्या द्या. पहिले बैल काढा."

जानराव पुटपुटत निघाला. मग एकेक करत बाकीचेही निघाले. काहींच्या झुली मात्र खडकावर वाळतच राहिल्या.

आधी आवाज आला, शंभर गाड्या एकदम खडकावरून हाकाव्यात तसा. मग वळणावर पाणी दिसलं. लाल, माणसाहून उंच, आणि त्याच्या तोंडाशी मुळांसकट एक आंबा, उभाच्या उभा. वर ऊन तसंच लख्ख होतं. बघता बघता खडक गेला, झुली गेल्या, दोन्ही काठ बुडाले. टेकाडावर जानरावनं पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

गोजराबाई ओल्या लुगड्यानंच स्टेशनात गेली. दारात थांबली. मास्तर पितळेच्या यंत्रावर बोट दाबत होते. कट्ट, कड्ड, कट्ट.

"आता कोणाले सांगून राह्यले, साहेब?"

"खालच्या गावांना," मास्तर मान वर न करता म्हणाले. "तिकडे पाणी अजून पोचायचं आहे."

ती बाहेर आली. रुळांच्या कडेनं खांब ओळीनं दूर गेले होते. तारेवर दोन साळुंक्या निवांत बसल्या होत्या. त्यांच्या पायांखालून पाण्याच्या पुढे काहीतरी धावत होतं आणि तार हलतसुद्धा नव्हती. बाई किती तरी वेळ मान वर करून तिथंच उभी राहिली.