चार बोटं वर

आमच्या खेळात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये, चेंडू हातातून सुटला की कुणीतरी ताबडतोब म्हणायचं असतं, "चूक माझी." आणि ते म्हणायचं असतं सेंटरने. सेंटर म्हणजे चेंडूवर ओणवा होऊन उभा राहणारा गडी, जो आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो. क्वार्टरबॅक, म्हणजे तिथून पुढची चाल चालवणारा, मी. तेरा वर्षं मी लोकांच्या ढुंगणाखाली हात धरून पोट भरलं, आणि त्यातली नऊ वर्षं ते ढुंगण एकाच माणसाचं होतं, डेल हॅगमनचं. हसा खुशाल, आम्हीही हसायचो. त्याचा श्वास जड झाला की मला पाठीकडून कळायचं, आणि आदल्या दिवशी तो बायकोशी भांडून आलाय का हेसुद्धा.

ह्या देवघेवीत चूक कुणाची, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. सेंटरने वाकडा दिला, की क्वार्टरबॅकने हात आधीच काढून घेतले, हे त्या दोघांनाच ठाऊक असतं. तरी सेंटरच पुढे होतो. क्वार्टरबॅकवरचा विश्वास उडाला तर संघाचं काही खरं नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत. मी हायस्कुलात असल्यापासून हेच बघत आलोय. मला ते कधी वावगं वाटलं नाही. कशाला वाटेल? फायदा माझाच होता.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी आम्हाला जिंकायला एक यार्ड हवं होतं. तीन फूट जमीन, बस्स. माझ्या उजव्या गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झालेल्या. तिसरीनंतर तो अधूनमधून कुरकुरतो, एवढंच क्लबला माहीत. दर शुक्रवारी मी गावाबाहेरच्या एका डॉक्टरकडे जाऊन त्यातलं पाणी काढून घेतो, आणि जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरतो, हे फक्त घरी माहीत. सेंटरमागे ओणवं झालं की आत सुरी फिरायची. त्यामुळे कधी एकदा चेंडू हातात पडतो आणि मी सरळ होतो असं होऊन जायचं. त्या दिवशी मी चेंडू पडायच्या आधीच सरळ झालो. चेंडू डेलच्या मांड्यांमधून घरंगळला, समोरच्या संघातला एक जण त्यावर पालथा पडला, आणि सामना संपला.

डेलने उठून छातीवर हात मारला. "माझी."

सोमवारी सगळा संघ सामन्याची फीत बघायला बसतो. कोच बर्डिकने तेवढा तुकडा सात वेळा मागेपुढे केला आणि विचारलं, हे काय झालं? डेल म्हणाला, बोटं गारठली होती, पकड चुकली. मी शेजारच्याच खुर्चीत होतो, हातात कॉफीचा कप. तोंडातून ब्र काढला नाही मी. वर त्याच्या पाठीवर थाप मारली, जसा काही मी त्याला मोठ्या मनाने माफ करत होतो. त्या थापेची लाज मला आजही त्या पडलेल्या चेंडूपेक्षा जास्त वाटते.

मंगळवारी त्याला काढलं.

आमच्याकडे काढलेल्या माणसाला सामान भरायला कचऱ्याची काळी पिशवी देतात. डेल पस्तीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांपासून त्याच्या नावापुढे कोच एकच शेरा मारत होते, "फार उंच राहतो." सेंटर खाली वाकला नाही तर समोरचा दीडशे किलोचा गडी त्याला उचलून मागे टाकतो. डेल तसा पडायचा, आठवड्याला तीनदा, चारदा. पेपरवाल्यांनी लिहिलं, हॅगमनची कंबर आता वाकत नाही, वय झालं. मी पण तेच म्हणायचो, वाईट वाटून.

मला तो पार्किंगमध्ये भेटला. पिशवी खांद्यावर, तोंडात सफरचंद. नव्या सेंटरला सांभाळून घे म्हणाला, पोरगा गुणी आहे. मग पिशवी खाली ठेवून उभाच राहिला. गाडीची चावी खिशात असून काढेना. मी म्हणालो, "वाईट झालं रे, डेल." आणि तिथून जो सटकलो तो माझ्या गाडीत बसूनच श्वास घेतला. मला छत्तिसावं चालू होतं. ह्या मोसमात बाकावर बसलो तर पुन्हा कुणी उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. गुडघ्याचं बोललो असतो तर डेल राहिला असता आणि मी गेलो असतो. हिशेब एवढा सरळ होता, आणि तो मला चांगला कळत होता.

नवा सेंटर म्हणजे फेतू. सामोआ बेटांवरचा, पंचवीस वर्षांचा, दारातून तिरका होऊन आत येणारा, आणि मला अजूनही अहोजाहो करणारा. बुधवारी सरावाला तो पहिल्यांदा माझ्यापुढे ओणवा झाला. मी सवयीने हात पुढे केले आणि हात हवेत राहिले. तो खाली होता. जसं वाकायला शिकवतात तसा, नीट. मला आणखी चार बोटं खाली जायचं होतं, फक्त चार बोटं, आणि गुडघा जाईना. मी हेल्मेटचा पट्टा आवळायचं सोंग केलं. दुसऱ्यांदा दात आवळून गेलो खाली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी जेवण सोडून मी फितींच्या खोलीत गेलो आणि मागची दोन वर्षं काढून बघितली. माझ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेआधीचा डेल टेबलासारखा सपाट वाकलेला. शस्त्रक्रियेनंतर एक बोट वर. त्या डिसेंबरात दोन. पुढच्या वर्षी तीन. ह्या सप्टेंबरपासून चार. माझा गुडघा जसजसा जात होता तसतशी तो कंबर वर आणत होता, म्हणजे मला वाकावं लागू नये. आणि उंच राहिल्यामुळे दर आठवड्याला समोरच्याकडून लोळवला जात होता, कोचचे शेरे खात होता. मला एका शब्दाने बोलला नाही. आणि मी गाढव, मी समजत होतो की गुडघा सुधारतोय.

उठलो तो थेट बर्डिकच्या दाराशी गेलो. डेलला अजून दुसऱ्या कुठल्या क्लबने घेतलं नव्हतं. एका फोनवर तो परत आला असता. बर्डिक सँडविच खात होता. त्याने मान वर केली.

"काय रे? गुडघा कसा आहे?"

"मस्त," मी म्हणालो.

मस्त! माझ्याच कानांनी ऐकलं मी ते. मग दोन मिनिटं रविवारच्या हवामानावर बोललो आणि निघून आलो. त्या दारातून बाहेर पडलेला माणूस मला अजिबात आवडत नाही, पण तो मीच आहे.

रविवारी उत्तरार्धात तेच झालं. फेतू वाकला, मी अर्धवट वाकलो, चेंडू माझ्या बोटांच्या टोकांवर आपटून पडला आणि समोरच्यांनी पळवला. मी बाहेर येईपर्यंत फेतू बर्डिकपुढे जाऊन उभा होता.

"माझी चूक, कोच."

बाकावर मी त्याला विचारलं, तू असं का म्हणालास, तुझा चेंडू तर बरोबर होता. तो खाली मान घालून म्हणाला की चूक त्याचीच होती. गुरुवारी डेलचा त्याला फोन आला होता, तासभर. टोबिनसाठी, म्हणजे माझ्यासाठी, चार बोटं वर राहायचं, कोच ओरडला तरी राहायचं, असं त्याने दहादा बजावलं होतं. "आज गोंगाटात विसरलो मी," फेतू म्हणाला. "आणि चेंडू पडलाच तर काय म्हणायचं, तेही त्यांनीच सांगितलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला कचऱ्याची पिशवी देऊन घालवला, तो माणूस घरी बसून आपल्या जागेवर आलेल्याला माझा गुडघा सांभाळायला शिकवत होता. आणि ऐका, एवढं कळूनही मी उरलेला सामना खेळलो. हरलो.

सामन्यानंतर पत्रकारांपुढे बसावं लागतं. मी माईकजवळ तोंड नेऊन सांगितलं, आज चेंडू नीट आला होता, चूक माझी. मागच्या रविवारीही माझीच होती, हॅगमनची नव्हती. बोलून झालं आणि छातीतला दगड उतरला असं वाटलं. तर पुढच्या रांगेतली एक वयस्क बाई कौतुकाने हसली. म्हणाली, "म्हणूनच हा संघ तुमच्यामागे उभा आहे." मागून कुणी दोन टाळ्याही वाजवल्या.

मी म्हणालो, अहो, मोठेपणा नाही हा, खरंच सांगतोय. त्यांनी तेही लिहून घेतलं, आणखी मोठेपणा म्हणून. सगळेच चांगले क्वार्टरबॅक असंच बोलतात ना, सामना हरल्यावर. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि त्याचाही मला हारच घालत होते.

मग मी खुर्ची सरकवून टेबलापुढे आलो. "बघा," म्हणालो, आणि फेतूमागे वाकायचं असतं तसा वाकायला लागलो. निम्म्यावर गुडघा अडला. मी जोर केला. तो मुडपला, मी टेबलाची चादर धरली, आणि माईक, पाण्याच्या बाटल्या सगळं घेऊन जमिनीवर बसलो. तेव्हा मात्र कुणी टाळी वाजवली नाही. क्लबच्या माणसाने काखेत हात घालून मला उठवलं.

सोमवारी माझं नाव जायबंदींच्या यादीत गेलं. ते तिथून परत निघणार नाही हे बर्डिकने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डेलला त्यांनी परत घेतलं नाही. पस्तिशीचा, दोन वर्षांचे खराब शेरे, कारण काहीही असो. फेतूचं बरं चाललंय, असं सगळे म्हणत होते.

दुपारी डेलचा फोन आला. मला वाटलं, आता हा मला माफ करणार. मी बोलायला सुरुवात केली तर त्याने तोडलं.

"सगळ्या देशाला सांगितलंस. कुणाला कळायला नको होतं मला, टोब. कळावं असं वाटलं असतं तर मी नसतो का बोललो?"

"मग मी काय करायला हवं होतं?"

"पार्किंगमध्ये मी पिशवी खाली ठेवली होती. उभा होतो. मला वाटलं, हा आता म्हणेल. मला एकट्याला. तेवढंच हवं होतं मला."

मी म्हणालो, "तेव्हा सुचलं नाही रे."

"सुचलं होतं," डेल म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.