भटक्याची साक्ष

संगणकाच्या पडद्यावर, खेळातल्या धुणेवालीपुढे सोन्याचं नाणं चमकलं आणि साहेबांच्या खुर्चीमागे उभी असलेली, खेळाचे नियम लिहिणारी ती पुढे झुकली. ‘देऊ नका हो, देऊ नका,’ ती मनातल्या मनात म्हणाली.

साहेब पैसेवाले. त्यांनी पैसा ओतला तर हा खेळ बाजारात जाणार, नाही तर पुढच्या महिन्यापासून माणसं कमी. आणि त्यात पहिलं नाव तिचं, कारण बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच परतली होती. कंपनीच्या मालकांनी सकाळीच हे गोड शब्दांत कानावर घातलं होतं.

खेळातल्या राज्यात कोणाची पायरी कोणती आणि कोणाला काय परवडतं, हे ठरवायचं काम तिचं. धुणेवालीला दिवसाला तांब्याची दोन नाणी. सोन्याचं एक नाणं म्हणजे तिची दोनशे दिवसांची कमाई. गरिबाच्या हाती ते दिसलं की पहारेकरी धरणारच, आणि चालेल असा साक्षीदार नसेल तर कोठडी. हा नियम तिनेच परवा लिहिला. कोठडीतून सुटकेचा लिहायला घेतला तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, बाळाला ताप आहे. ती तशीच उठून पळाली. राहिलेलं काम आठवलं ते आत्ता, या क्षणी.

“घे गं बाई, मजा कर!” म्हणत साहेबांनी नाणं दिलं.

धुणेवाली पावाच्या दुकानापर्यंत पोचलीसुद्धा नाही. पहारेकऱ्याने तिचा दंड धरला, नाणं काढून घेतलं आणि कोठडीचं दार लागलं.

“अरे! मीच दिलंय ते!” साहेबांनी बटणं बडवली.

“भटक्याची साक्ष चालत नाही,” पहारेकरी म्हणाला.

“भटक्या? कोण भटक्या?”

“तुम्हीच, सर,” मालक चाचरले. “सुरुवातीला सरदार नको, भटक्या हवा म्हणालात ना... टोपी आवडली म्हणून.”

चित्रं काढणारा चष्मिस तिच्या कानाशी पुटपुटला, “भीक नको पण कुत्रं आवर, म्हणत असेल बिचारी.”

“गप रे. इथे माझी नोकरी चाललीय.”

साहेबांनी पहारेकऱ्याला आणखी सोनं देऊ केलं. त्याने ते मुकाट खिशात टाकलं. दार मात्र उघडलं नाही. साहेबांचे कान लाल झाले.

“हा पहारेकरी कोणी लिहिला?”

मालक छताकडे बघू लागले.

“मी,” ती म्हणाली.

“मग तिला सोडवायचं कसं?”

एक थाप अगदी जिभेच्या टोकावर आली होती. ती गिळून ती म्हणाली, “नाही सोडवता येत. लिहायचं राहिलं माझ्याकडून.”

“राहिलं?” मालक ओरडले. “अगं, आजच्या दिवशी तरी...”

“थांबा हो तुम्ही.” साहेबांनी खुर्ची बाजूला सरकवली. “लिहा. आत्ता, माझ्यासमोर.”

ती खुर्ची ओढून बसली. पैसे भरले की सुटका, दोन ओळींचं काम. मालक मागून तेच खुणावत होते. पण ज्याच्या पैशाने ती आत गेली, त्याच्याच पैशाने बाहेर? मग बाईचा मान तो काय राहिला? तिने लिहिलं: चौकशी होईपर्यंत देणाऱ्याने तिच्या जागी आत बसावं.

साहेबांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग बटण दाबलं. भटक्या गजांआड गेला, धुणेवाली बाहेर आली आणि गाठोडं उचलून चालू लागली. मागे वळूनही पाहिलं नाही.

“आभार तरी मानेल की नाही?” साहेब म्हणाले. “मी आत बसलोय तिच्यासाठी.”

“मानेल की, सर!” मालकांनी तिच्याकडे डोळे वटारले. “घाल गं, एकच तर ओळ.”

एकच ओळ. घराचं भाडं, बाळाचं औषध, सगळं त्या ओळीला टांगलेलं. तिने ती लिहिली.

धुणेवाली थबकली. परत फिरली. गजांपाशी येऊन वाकली.

“पुढच्या वेळी सुटे देत जा,” म्हणाली आणि गेली.

मालकांनी डोळे मिटून घेतले. साहेब पडद्याकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

“चौकशी किती दिवस?”

“सात. खेळातले,” ती म्हणाली. “आपली वीस मिनिटं.”

“मग चहा मागवा,” साहेब मालकांना म्हणाले. “मी सुटेपर्यंत कराराच्या कागदांचं बोलून घेऊ. आणि ह्या इथेच थांबतील.”