नव्या डिस्कमधला अर्धा मामा

मित्रांनो, जुनी व्हिडिओ कॅसेट बोलतेय मी. काळी, चौकोनी, लेबलावरची शाई उडालेली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कधी हातातसुद्धा घेतलं नसेल. असू दे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार तीन शहाण्यांबद्दल आहे.

आधी माझं सांगते. एका कारखान्यात माझ्या पोटात लांबच लांब फीत गुंडाळली. मग त्या फितीवर एक रॉक कॉन्सर्ट भरली. मोकळं मैदान, धूर, माणसांचा समुद्र, स्टेजवर बँड. गायक उड्या मारतोय. ड्रमवाला घामाने निथळतोय. आणि चित्रात अगदी खाली, लाकडी खोक्यावर बसून एक जण बास गिटार वाजवतोय. त्याचा पाय प्लास्टरमध्ये. कार्यक्रमाच्या जरा आधीच जिन्यावरून पडला होता. बाकीचे म्हणाले, तू येऊ नकोस. तो म्हणाला, "मी काय पायाने वाजवतो?" आणि आला.

हा मामा.

त्यानेच मला आपल्या भाच्याला दिलं. म्हणाला, "तुझा मामा यात आहे. वरती बघू नकोस, खाली बघ." भाच्याने बघितलं. परत बघितलं. माझी फीत मागेपुढे फिरवत, मामा दिसतो तेच गाणं, तेच गाणं. मित्र यायचे, जमिनीवर मांडी घालून बसायचे, "काय आवाज आहे राव" म्हणायचे. ते माझे सुखाचे दिवस. पण फीत ती फीतच. नेमकी मामाच्या गाण्याजवळ झिजली. आता ते गाणं आलं की माझ्याकडून पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग मी कपाटावर गेले. बुटांच्या खोक्यात. शेजारी एक मेलेला चार्जर. त्याला बोलायची आवड नव्हती.

मामाने बँड सोडला, शाळेची बस चालवायला लागला, लग्न त्यानंतर केलं. त्यामुळे मामीने त्याला वाजवताना कधीच पाहिलं नाही. ती सगळ्यांना सांगायची, "हे म्हणे बँडमध्ये होते. मी तर फक्त हॉर्न ऐकलाय." लोक हसायचे. मामाही हसायचा. पण हळूहळू त्याने ती प्लास्टरची गोष्ट सांगणंच बंद केलं.

आणि मग त्याच कॉन्सर्टची नवीन डिस्क आली. कंपनीला म्हणे मूळ रीळ सापडलं, त्यांनी ते धुऊनपुसून लख्ख केलं. भाचा उड्याच मारायला लागला. मामाला फोन, मामीला फोन. "मामी, रविवारी या. या वेळी दिसणारच."

रविवारी आधी आले ते दोन शहाणे. एक कानसेन. त्याला म्हणे कुत्र्याला ऐकू येत नाही तेवढं ऐकू येतं. दुसरा चष्मेवाला, चष्म्याच्या दुकानात कामाला, चित्रातले दाणे, म्हणजे बारीक ठिपके, मोजणारा. भाचा धरून तिघं. चाहत्यांच्या ग्रुपवर या तिघांचा शब्द चालतो. हे म्हणाले चांगली, तर लोक डिस्क घेतात. हे म्हणाले वाईट, तर लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

मला खाली काढलं. पुसलंसुद्धा. मला वाटलं, आली आपली आठवण. कसली आठवण. मला लावलं ते तुलनेसाठी, शेजारच्या मुलाला उभं करतात तसं. "बघ, रंग कसे विटलेत." "बघ, आवाज डब्यातून आल्यासारखा." मामाच्या गाण्याला मुंग्या आल्या तेव्हा चष्मेवाला म्हणाला, "ही गेलेली केस आहे." मग मला टीव्हीशेजारी उभं केलं.

कानसेनने सोफा ओढला, परत ओढला. पाच स्पीकर, पाचांच्या बरोबर मधे त्याचे कान. मामा-मामी आले तर मामीला स्टूल.

"मामी, चालेल ना? आवाजाचं गणित आहे."

"चालेल की. मला गणित कधी जमलं नाही," मामी म्हणाली. ठेवणीतली साडी नेसली होती.

भाचा पाणी आणायला आत गेला. कानसेन वायरीत डोकं घालून बसला. चष्मेवाल्याने डिस्क लावली. आता इथे नीट लक्ष द्या. जुन्या काळी चित्र जवळपास चौकोनी असायचं. आजचा टीव्ही आडवा लांब. म्हणून चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्यात काही चूक नाही. पण चष्मेवाला चिडला. "नवी कोरी डिस्क आणि काळ्या पट्ट्या? शोभतं का?" त्याने रिमोट उचलला आणि चित्र मोठं करायचं बटण दाबलं. पट्ट्या गेल्या. पडदा काठोकाठ भरला. भरणारच, कारण चित्राचा वरचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर गेला होता.

आणि खाली कोण बसलाय? मी बोंबलत होते, अरे खाली बघा. पण कॅसेटचं कोण ऐकतं.

सुरू झालं.

"काळा रंग बघ. काळा म्हणजे काळा."

"दाणे पुसलेत रे. चेहरे मेणाचे वाटतायत."

"मागचा डावा स्पीकर जरा दबलाय."

"गप, गर्दीचा आवाज बघ कसा फिरतो."

"गर्दी कशाला फिरेल? गर्दी समोर असते."

मामी स्टुलावर ताठ बसून होती. ते गाणं आलं. बासचा आवाज आला, जाड, गोल, स्वच्छ. माझ्याकडे असताना असा कधीच नव्हता, हे मान्य. पण पडद्याच्या तळाशी फक्त केसांचा एक झुपका हलत होता.

"कुठे आहात?" मामीने विचारलं.

मामा पुढे झुकला. "ते... ते केस आहेत ना, ते माझे."

मामीने पडद्याकडे बघितलं. मग मामाच्या टकलाकडे बघितलं. नेहमीसारखं टोचून काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

"नव्यात छाटलं असेल," मामा म्हणाला. "तसाही मी कडेचाच." आणि गाणं संपायच्या आत उठला. सकाळी बस लवकर काढायची असते म्हणाला.

दोघं निघाले, दार लागलं आणि तिघं पेटले. कंपनीने चित्र कापलं, इतिहास कापला. भाचा तर सगळ्यात जास्त ओरडत होता, मामासाठी. चष्मेवाला टाइप करायला बसला. "लिही, बासवाल्याचा शिरच्छेद," भाचा म्हणाला.

"शिरच्छेद कसा? डोकंच राहिलंय. धड गेलंय," कानसेन म्हणाला.

"मग धडच्छेद लिही."

लिहिलं. ग्रुपवर टाकलं. आणि मित्रांनो, खरी गंमत पुढे आहे. लोक म्हणायला लागले, "हो हो, आमच्यातही कापलंय." अरे, तुमच्यात कसं कापेल? तुमच्याकडे चष्मेवाला आला होता का? एका मुलीने मात्र आपल्या टीव्हीचा फोटो टाकला. मामा पूर्ण. खोका, प्लास्टर, बोटं, सगळं. खाली लिहिलं होतं, "कुठे कापलंय?"

तिघांचं एकमत झालं. ही कंपनीची माणूस असणार.

दुसऱ्या दिवशी भाच्याची आई बातम्या लावून बसली. "ही खालची पट्टी अर्धी कुणी खाल्ली?" ती पुटपुटली, रिमोट घेतला, एक बटण दाबलं. बातमीदार लहान झाला, पट्टी वर आली. एवढंच. भाचा पोहे खात होता. त्याचा घास तसाच राहिला. ताट ठेवून धावला, डिस्क लावली, गाण्यावर नेली. मामा बसला होता. अख्खा.

त्याने दोघांना फोन लावला, स्पीकरवर.

"आता मागे घेतलं तर आपलं नाक कापलं जाईल," चष्मेवाला म्हणाला.

"तुझं जाऊ दे. चष्म्याच्या दुकानात असून दिसलं नाही तुला," भाचा म्हणाला.

"गुपचूप काढून टाकू," कानसेन म्हणाला. "लिहायचं कशाला?"

"आणि मामाला काय सांगू? कंपनीने तुला परत चिकटवला?"

भाच्याने लिहिलं. डिस्क चांगली आहे, बटण आम्हीच दाबलं होतं, त्या मुलीची माफी मागतो. शिव्या पडल्या. काही जण तर म्हणाले, नाही, आमच्यात अजूनही कापलेलंच आहे. आता काय बोलायचं.

मग मामाला फोन. "राहू दे रे," मामा म्हणाला. "एकदा बघितलं तेवढं बास." मागून मामीचा आवाज आला, "काय म्हणतोय?" मग तिनेच फोन घेतला. "मी येते. यांना यायचं तर येतील."

आली. सोफ्याच्या मधोमध बसली, कुणाला विचारलं नाही. मामा बसची किल्ली हातात घेऊन दारातच उभा राहिला, जणू कधीही निघायचंय. कानसेन आणि चष्मेवाला भिंतीला टेकून, शाळेत उभं केल्यासारखे.

गाणं लागलं. खोका दिसला. प्लास्टर दिसलं. बोटं दिसली. मामी सोफ्याच्या कडेला सरकली.

"पाय खरंच मोडला होता," ती म्हणाली.

"मग मी काय सांगत होतो?"

"आणि पडद्यावर एवढे हसताय कशाला?"

"दुखत होतं," मामा म्हणाला, आणि येऊन तिच्या शेजारी बसला.

गाणं संपलं. कानसेनने घसा खाकरला. "मागच्या डाव्या स्पीकरमध्ये अजून जरा..."

"पुन्हा लाव," मामी मान न वळवता म्हणाली.

तर मित्रांनो, आम्हा जुन्यांना कोरड्या जागी उभं ठेवा, घासून घासून झिजवू नका, एवढं तर मी म्हणणारच. पण त्याहून जास्त कळकळीने हे सांगते. नवीन काही आलं की दोष काढा, खुशाल काढा. दाणे मोजायला, स्पीकर हलवायला अख्खं आयुष्य पडलंय. त्याआधी फक्त एवढं बघा, की ज्याला बघायला बसलात तो माणूस तुमच्या पडद्यावर आहे का. नसेल, तर पहिल्यांदा आपल्याच हातातला रिमोट तपासा.